इंगाबाईंचा वाटा

मी बी.ए. झालो, मास्तर झालो, चार शिकलेल्या माणसांत बसू-बोलू लागलो, ते एकाच माणसामुळे. इंगाबाईंमुळे. आईवडिलांना वाईट वाटेल म्हणून पूर्वी मी हे मोठ्यानं म्हणत नसे. आता म्हणतो.

इंगाबाई नॉर्वेच्या. हा देश युरोपच्या अगदी वरच्या टोकाला आहे, हे मला पुढे शाळेच्या नकाशात दिसलं. आमच्या सावरतळ्यात मात्र 'बाईच्या माहेरी उन्हाळाच नाई' एवढीच माहिती होती, आणि चैत्र-वैशाखात लोक त्यांचा हेवा करत. चांद्याच्या एका दवाखान्यात त्या नर्स म्हणून आल्या होत्या. गोंडपिपरीच्या बाजूला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा त्यांना आमच्या गावी पाठवलं. साथ गेली, बाई राहिल्या. दवाखान्याशी पटलं नाही म्हणतात. त्यांनी स्वतः कधी त्याबद्दल तोंड उघडलं नाही. तलावाच्या पाळीखाली, आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासे मारणाऱ्यांच्या, मोहल्ल्याच्या टोकाला, त्यांनी कुडाच्या भिंतींचं घर बांधून घेतलं. माझा जन्म त्यांच्याच हातचा.

उंच, हाडापेरानं मोठी बाई. उन्हानं चेहरा कायम लाल. आमच्या बायका नेसत तसं आखूड लुगडं नेसायच्या आणि थंडीच्या दिवसांत त्याखाली स्वतः विणलेले लोकरीचे मोजे घालायच्या. ते मोजे हात लावून पाहायला बायका मुद्दाम पाय चेपायच्या निमित्तानं जात. नावाची थट्टा व्हायचीच. पोरं भांडली की म्हणत, "थांब, बाईचा इंगा दाखवतो." बाईंना त्याचा अर्थ कळल्यावर त्यांनी स्वतःच ते वापरायला सुरुवात केली.

राम राम हा शब्द त्यांच्या तोंडी फार क्वचित. माणूस दिसला की त्या विचारायच्या, "उकळलं काय?" पाण्याबद्दल. कॉलऱ्यापासूनची ती सवय. समोरचा म्हणायचा, "उकळलं, बाई." न उकळलेलाही तेच म्हणायचा. मग बाई त्याच्या घरात शिरून चुलीवरच्या भांड्याला बोट लावून पाहायच्या, आणि थंड लागलं तर त्या घरच्या बाईची दुपार खराब व्हायची.

बोलणं अस्सल आमचं. मले, तुले, काऊन. आमच्या बायका म्हणतात तसं मी जातो, मी येतो. फक्त 'ळ' त्यांना शेवटपर्यंत आला नाही. चांद्याचे शिकलेले लोक त्यांचं बोलणं ऐकून हसत. एकदा तहसीलचा एक कारकून गावात आला आणि म्हणाला, "मेमसाब, आप शुद्ध मराठी क्यों नहीं सीखतीं?" बाई जाळं विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेमसाब तुह्या सासूले म्हण."

जाळं विणणं त्यांना माहेराहून येत होतं. त्यांचे वडील समुद्रावर मासेमारी करायचे. आमच्या आणि त्यांच्या गाठीत फरक होता, आणि कोणाची गाठ घट्ट यावर बाई आणि सोमाजीकाका तासन् तास वाद घालत. सोमाजीकाका हा आमच्या मोहल्ल्यातला पुढारी माणूस. बोलका, हसरा, कोणाच्याही लग्नात मांडव घालायला पुढे. बाईंनी त्याला भाऊ मानलं होतं, दर वर्षी राखी बांधायच्या. एका उन्हाळ्यात बाईंनी हट्टानं माहेरच्या पद्धतीनं मासे सुकवले. शेपट्यांना दोरी बांधून छपराखाली जोडीजोडीनं टांगले. आमचा वैशाख तो! दुसऱ्या दिवशी साऱ्या मोहल्ल्यात वास सुटला, तिसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांची मांजरं आली. सोमाजीकाका दारात उभा राहून म्हणाला, "बाई, तुह्या माहेरी मांजरं नाई काय?" बाई म्हणाल्या, "मांजरं आहेत. ऊन नाई." मग त्याच्या बायकोनं त्यांना धुरावर मासे सुकवायला शिकवलं.

आता माझ्या शाळेचं सांगतो. मी आणि बाई एकाच पुस्तकातून अक्षरं शिकलो, कारण त्यांना बोलता येत होतं पण वाचता येत नव्हतं. चौथी झाली आणि वडील म्हणाले, पुरे. घरच्या जाळ्यालाही दोन्ही टोकांना माणसं लागतात, आणि आमच्या घरात ओढणारे हात कमी होते. आई, वडील, मी आणि धाकटी बहीण गिरजा. बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"गोविंदाभाऊ, पोराले गोंडपिपरीले पाठव."

"आन् जाळं कोन ओढंन, बाई? तू?"

"हो. मी ओढतो."

वडील हसले. बाई हसल्या नाहीत. माझी शाळा सुरू झाली त्या वर्षी त्या लुगड्याचा काचा मारून कमरेएवढ्या पाण्यात माझ्या जागी उभ्या राहिल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी गोंडपिपरीला शिकत होतो आणि एक गोरी बाई आमच्या तलावात माझ्या वाटणीची दोरी ओढत होती.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. एरवी ज्याला जमेल तो मासे मारतो. पण वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की एक दिवस सारा मोहल्ला मिळून मोठं जाळं टाकतो. निघालेले मासे पाळीवर ओतायचे आणि पळसाच्या पानांवर त्यांचे सारखे वाटे घालायचे. चुलीमागे एक वाटा. ज्याची गावात चूल, त्याचा वाटा. भांडण नको म्हणून एक माणूस वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्याला काठी लावतो आणि विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस न पाहता नाव घेतो. लहान-मोठा, बरा-वाईट, ज्याचं नाव निघेल त्यानं उचलायचा. कितीतरी वर्षं हे नाव घेण्याचं काम माझ्या वडिलांकडे होतं. गोविंदा तोंड पाहून नाव घेत नाही, असा त्यांचा लौकिक होता.

बाईंनी दोरी ओढली त्या पहिल्या वर्षी काठी एका वाट्याला लागली, "हा कोनाचा?" झालं, आणि वडील म्हणाले, "इंगाबाई." कोणी ठरवलं नव्हतं. कोणी हरकत घेतली नाही. त्यात दोन मध्यम रोहू, एक मरळ आणि मूठभर झिंगे होते. बाईंनी ते ओच्यात घेतले आणि जवळजवळ पळतच घरी गेल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "महादेव, आता मी कुठी जात नाई."

पण गेल्या. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या आईच्या आजारपणाचा कागद आला. सारा मोहल्ला बैलगाडीपर्यंत पोचवायला आला होता. बाईंनी घराची कडी लावली आणि सोमाजीकाकाला म्हणाल्या, "भाऊ, घर पाहाजो. मी येतो."

सोमाजीकाकाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खरं होतं, आजही मी तेच म्हणेन. तो म्हणाला, "तुहा वाटा पडत राहीन, बाई. तू ये नाईतं नको येऊ. गोविंदा तुहं नाव घेत राहीन. काऊन रे गोविंदा?"

वडील म्हणाले, "घेईन."

मग लढाई आली. जर्मनांनी त्यांचा देश घेतला. लढाई संपली तर त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. बारा-तेरा वर्षांहून अधिक काळ असा गेला. मी चांद्याला आणि पुढे नागपूरला शिकायला गेलो. माझी राहण्या-जेवणाची सोय बाई जाण्यापूर्वी एका हेडमास्तरांकडे लावून गेल्या होत्या. लढाईची वर्षं सोडली तर वर्षाकाठी त्यांचं पत्र यायचं, मोठ्या गोल अक्षरांत, आमच्याच बोलीत लिहिलेलं. शेवटी नेहमी एकच प्रश्न: "नाव घेतलं काय?" मी घरी विचारायचो. वडील म्हणायचे, "घेतलं." मी तसं कळवायचो.

गिरजाचं लग्न सोमाजीकाकाच्या मुलाशी, रघुनाथशी झालं. नवी जोडी बाईंच्या घरात राहू लागली. घर बंद राहिलं तर वाळवी लागते, असं काका म्हणाले. मी ते बाईंना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "चूल पेटते, चांगलं झालं. मी आलो का बाजूले एक खोली बांधीन."

त्यांची आई गेल्यावर तिथलं सगळं आवरून बाई परत आल्या, कायमच्या. मी चांद्याच्या स्टेशनवर गेलो होतो. केस पांढरे झाले होते, पाठीला थोडा बाक आला होता. पायरीवरून उतरताच त्यांनी चहावाल्याला विचारलं, "उकळलं काय?" तो म्हणाला, "चहा आहे, बाई, उकळलेलाच असते." तेव्हा मला रडू आलं. मोटारीत शेजारच्या माणसानं विचारलं, "मेमसाब, कुठी चाललात?" बाई म्हणाल्या, "घरी." आणि खिडकीबाहेर मोहाची झाडं ओळखू लागल्या.

सावरतळ्यात आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली होती, तलाव आता गावाचा होता आणि सोमाजीकाका सरपंच होता. हार घातले. एक खुर्ची कुठून तरी आणली होती. बाई खाली बायकांत बसायला गेल्या की लोक त्यांना उठवून पुन्हा खुर्चीवर बसवत. काकानं भाषण केलं. बाई म्हणजे देवी, बाई म्हणजे गावाची माय. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "हा काऊन असा बोलून राह्यला? याले ताप आहे काय?"

त्यांना शाळेच्या खोलीत उतरवलं. घर सारवायचं आहे, छप्पर शाकारायचं आहे, गिरजाला दिवस गेले आहेत. कारणं खरी होती. बाईंनी घाई केली नाही. त्या म्हणायच्या, "घराचं जाऊ दे. वैशाख येऊन राह्यला." रोज मोहल्ल्यात जाऊन बायकांबरोबर फाटकी जाळी बांधायच्या. मला एकदा म्हणाल्या, "तिथी असतानी मी रोज पाळ आठवो. गोविंदाची पाठ आन् माहं नाव. मले बाकी काई नको, महादेव. तेवढं झालं का मी आलो."

म्हणजे त्यांचं येणं अजून व्हायचंच होतं.

तोवर मी चांद्याला मास्तर झालो होतो. वैशाखात शाळेला सुटी होती, म्हणून मीही गावी होतो. बाई त्या दिवशी पहाटेच पाळीवर आल्या. जाळ्याच्या शेवटच्या टोकाला, गुडघाभर पाण्यात, त्यांनी दोरी धरली. लोक म्हणत होते, "बाई, तू बस ना सावलीत." त्या ऐकत नव्हत्या. मासे निघाले, पानं पसरली, वाटे पडले. वडील पाठ करून उभे राहिले.

"हा कोनाचा?"

"झिबल."

"हा कोनाचा?"

"सोमाजी."

नावं येत गेली. बाई हातपाय धुऊन, ओचा सारखा करून उभ्या होत्या. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं, रघुनाथचं नाव आलं. त्यानं वाटा उचलला, कोणाकडे न पाहता. शेवटी एक वाटा राहिला, तोही आमच्याच घराचा निघाला. पानं संपली.

बाई अजून उभ्याच होत्या.

तेवढ्यात सोमाजीकाका पुढे आला. त्याच्या हातात मोठ्या पानावर एक अख्खा रोहू, त्या दिवशीचा सर्वांत मोठा. "हा बाईचा," तो म्हणाला. "साऱ्या गावाकडून मान!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. त्यांना खरंच वाटत होतं की आपण बाईंना मोठं काही देत आहोत.

आमच्याकडे पाळीवरचा मोठा मासा पाहुण्याला देतात. तहसीलदार आला की देतात.

बाईंनी मासा घेतला नाही. "माहं नाव काऊन नाई घेतलं?"

"बाई, वाट्यात काय हाये? हा मोठा मासा..."

"माहा वाटा कुठी गेला, सोमाभाऊ?"

काका हसला. "रघूच्या नावानं चालते आता. तूच तं देल्ला. जातानी म्हनली ना, माहं सारं आता तुह्या पोराचं."

"मी नाई म्हनलं."

बाई माझ्या वडिलांकडे वळल्या. वडील अजून पाठमोरेच होते, त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं.

"गोविंदाभाऊ, तू होता गाडीजवळ. सांग, मी असं म्हनलं काय?"

वडील तलावाकडे पाहतच म्हणाले, "बाई, आता पोरीचं घर हाये ते."

मी म्हणालो, "बाबा, हे खोटं आहे. बाई परत येतो म्हणाल्या होत्या. तुम्ही नाव घेईन म्हणाला होता."

"तू गप राय," वडील म्हणाले. "तुहा वाटा चांद्यात पडते आता." कोणीतरी हसलं.

सोमाजीकाकाचाही आवाज चढला. "तुमचे लोक एकडाव गेले तं परत येतेत काय? कोनाले वाटलं होतं तू येशीन? आन् आली तं आली, आमी नाई म्हनलं काय? राय ना. शाळा हाये, गाव जेवू घालंन. तू मरेपर्यंत पाहुनी!"

तो हे प्रेमानंच म्हणत होता.

बाईंनी मासा हातात घेतला, वजन करावं तसा, आणि परत त्याच्या पानावर ठेवला. "पाहुणे आले का त्याईले देजो," त्या म्हणाल्या, आणि पाळ उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची पेटी मोटारीपर्यंत नेली. गिरजा आठव्या महिन्याचं पोट सांभाळत रस्त्यावर आली, फडक्यात भाकरी आणि तळलेला मासा बांधून. "बाई, मले काई माहीत नव्हतं," ती म्हणाली. ते खरं असेल, नसेल. बाईंनी तिच्या पोटाला हात लावून पाहिला, बाळ कसं आहे ते नर्ससारखं चाचपलं, पण फडकं घेतलं नाही. बाई क्षमाशील होत्या असं मी लिहिणार नाही. त्या तशा नव्हत्या.

वडिलांशी मी त्या सुटीत बोललो नाही. निघायच्या आदल्या दिवशी ते स्वतःच आले. "मले दोन लेकरं," ते म्हणाले. "तू गेला. एक रायली ते थ्या घरात. बाईचं नाव घेतलं अस्तं, तं माह्या पोरीची चूल कुठी गेली अस्ती? सोमाजीनं तिले सुखात ठेवली अस्ती काय?" मी विचारलं, मग दर वर्षी मला 'घेतलं' असं का सांगत होता? ते म्हणाले, "तू तिकडं सुखात शिकून राह्यला होता. तिले तिकडं बरं वाटे. कोनाचं काय गेलं?" त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. त्यांनी सर्वांना खूश ठेवलं होतं.

बाईंना माजरीच्या कोळशाच्या खाणीजवळ एका दवाखान्यात काम मिळालं. मी चांद्याहून बदली होऊन राजुऱ्याला आल्यावर त्यांना भेटायला गेलो. तिथे चारी मुलखांचे मजूर, कोणाची भाषा कोणाला येत नाही. बाई दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहून हिंदीत एका तेलुगू माणसाला रागावत होत्या, आणि तो हसत मान हलवत होता. हातापायांवर, लुगड्यावर कोळशाची पूड. मला पाहून त्यांनी खुर्ची दिली नाही, म्हणाल्या, "बस खाली, पट्ट्या गुंडाळ." आम्ही दोघांनी बसून पट्ट्या गुंडाळल्या. सावरतळ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. निघताना त्या स्टेशनपर्यंत आल्या. गाडी हलली तेव्हा हात हलवायच्या ऐवजी त्यांनी डोळ्यांवर हात धरून डब्याकडे पाहिलं, आमच्या बायका तलावाच्या पाळीवरून डोंगे पाहतात तसं. मग वळून परत दवाखान्याकडे गेल्या. मी त्यांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. त्यांनी या देशाचं नागरिक होण्यासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. ओळख देणारे दोन इसम हवे होते, आणि एक शंका होती. त्या पत्राला मी पाठवलेलं उत्तर, त्याच्या ठेवलेल्या नकलेवरून, खाली देतो.

राजुरा

तीर्थस्वरूप इंगाबाईंस,
महादेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र मिळाले. अर्जात राहणार म्हणून सावरतळा लिहू काय, असे आपण विचारले आहे. तसे लिहिणे खोटे होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बाई, लिहू नका.

कचेरीतून चौकशीला माणूस जाईल. तो सोमाजीकाकांच्या ओट्यावर बसेल, चहा घेईल. काका आपल्याबद्दल फार चांगले सांगतील, आणि त्यातले बहुतेक खरे असेल. कॉलऱ्याचे सांगतील, कोणाकोणाची बाळंतपणे केलीत ते सांगतील. माझे वडील शेजारी बसून मान हलवतील. मग तो माणूस विचारील की, बाई या गावच्या काय? तेव्हा पाळीवर जे बोलले गेले तेच ते पुन्हा बोलतील, मोठ्या मायेने, आणि तो ते लिहून घेईल. ते वाचणे मला सोसणार नाही. आपणांसही वाचावे लागू नये.

माजरी लिहा. तिथे आपल्याला कोणी देवी म्हणत नाही, म्हणून तिथला जबाब सरळ येईल.

ओळख देणाऱ्यांत माझे नाव घालावे. मी सही करून कागद यासोबत पाठवीत आहे. त्यात राहणार राजुरा असे लिहिले आहे. त्याखाली मूळ गाव विचारले आहे, ती जागा मी कोरी सोडली आहे. ती विसरून राहिलेली नाही, तेव्हा आपण आपल्या हाताने भरू नये.

आपला,
महादेव